जॅक मेयर: मुंबईच्या कापूसबाजारातून मिलफील्डच्या वर्गात

गणितवाले_सर (वाई)

मागच्या जूनमध्ये लेकीकडे ब्रिस्टलला होतो. एका रविवारी ग्लास्टनबरीला गेलो आणि तिथून अगदी लागून असलेल्या स्ट्रीट नावाच्या गावात थांबलो. क्लार्क्सचे बूट १८२५ पासून जिथे बनायला लागले ते हे गाव. जावयाला मला बूट घेऊन द्यायचे होते. गावाच्या कडेला एक भलंमोठं आवार आणि हिरवीगार मैदानं दिसली. हे काय म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "ही मिलफील्ड शाळा. बाबा, ही काढणारा माणूस त्याआधी मुंबईत कापसाची दलाली करत होता आणि चौरंगी सामन्यांत खेळत होता."

बूट राहिले बाजूला. त्या दिवसापासून या माणसाने माझं डोकं व्यापलंय. छत्तीस वर्षं मी माध्यमिक शाळेत गणित शिकवलं, आणि हा माणूस मला नोकरीत असतानाच माहीत असायला हवा होता, असं फार वाटतं.

रोलो जॉन ऑलिव्हर मेयर. मित्रांचा जॅक, शाळेतल्या मुलांचा 'बॉस'. जन्म १५ मार्च १९०५, बेडफर्डशायरमधल्या क्लॉपहिलचा. वडील धर्मगुरू. शिक्षण हेलीबरीला आणि मग केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजात. १९२४ ते १९२६ ही तीन वर्षं तो विद्यापीठाकडून खेळला. मध्यमगती गोलंदाज, आणि खालच्या क्रमांकावर येऊन जोरात मारणारा फलंदाज. गोलंदाज म्हणून त्याची ओळख एकाच गोष्टीसाठी होती. एकसारखे दोन चेंडू टाकायला त्याचं मन घ्यायचं नाही. आत येणारा, बाहेर जाणारा, हळू, उंच, सतत काहीतरी नवं. इतके प्रयोग केले नसते तर आणखी विकेट मिळाल्या असत्या, असं जाणकार म्हणत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या काळी इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये सरळ दोन जाती होत्या. पैसे न घेता खेळणारे हौशी आणि पगारावर खेळणारे व्यावसायिक. कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, बऱ्याच मैदानांवर आत उतरायचं फाटकही वेगळं. धावफलकावर हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, व्यावसायिकाची नंतर. १९५० साली लॉर्ड्सवर फ्रेड टिटमस या व्यावसायिक खेळाडूच्या नावात ही चूक छापली गेली, तर ती दुरुस्त करायला ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली होती. हा भेद मोडायला १९६२ चा नोव्हेंबर उजाडला. मेयर जन्मभर हौशी राहिला. पण घरची जमीनजुमला असलेला हौशी वेगळा आणि धर्मगुरूचा मुलगा वेगळा. दुसऱ्याला पोटासाठी काहीतरी करावंच लागे. म्हणून केंब्रिज संपताच मेयर मुंबईला आला, कापसाच्या व्यापारात.

मुंबईत तो युरोपियन संघाकडून खेळला. पारशी, हिंदू, मुस्लिम आणि युरोपियन या चार संघांची चौरंगी स्पर्धा तेव्हा मुंबईचा सण होती. १९२७-२८ च्या मोसमात मुस्लिम संघाविरुद्ध त्याने एका डावात १६० धावांत ९ गडी बाद केले. प्रथम श्रेणीच्या सगळ्या कारकिर्दीतली ही त्याची सर्वोत्तम कामगिरी, आणि ती आपल्या मुंबईतली.

पुढे दलाली सुटली आणि तो काठियावाडातल्या संस्थानांत राजपुत्रांचा शिक्षक झाला. १९३५ मध्ये तो इंग्लंडला परतला तेव्हा सोबत सात हिंदुस्थानी मुलं होती, त्यांतली बहुतेक राजघराण्यांतली. त्यांना ठेवायचं कुठे, शिकवायचं कुठे? स्ट्रीटमधल्या क्लार्क कुटुंबाचं एक घर भाड्याने मिळालं. त्या घराचं नाव मिलफील्ड. सात मुलं, एक घर आणि एक क्रिकेटपटू.

आता माझ्या मनात घर करून बसलेला भाग. पैसेवाल्या बापाकडून तो भरमसाट फी घ्यायचा. आणि ज्या मुलात काहीतरी दिसेल, मग ते धावणं असो, गणित असो की व्हायोलिन, पण घरी पैसा नाही, त्याला नाममात्र फीवर नाहीतर फुकट घ्यायचा. छापील दरपत्रकाला त्याच्या लेखी फारसा अर्थ नव्हता. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांची फी एक आणि शंभर इतकी वेगळी असू शकत होती, आणि मुलांना त्याचा पत्ता नसायचा. वर्ग इतके लहान की शिक्षकामागे सहा-सात मुलं. इमारतींवर खर्च नाही. युद्धानंतर कित्येक वर्षं वर्ग पत्र्याच्या बराकींत भरले. पैसा जायचा शिक्षकांवर.

माझ्या वर्गात बासष्ट मुलं असायची. बासष्ट जणांना एकच चेंडू टाकावा लागतो, आणि तो ज्यांच्या बॅटवर येत नाही ती मुलं नापास होतात. माझ्या हातून अशी कितीतरी गेली. मेयरने वर्गातही प्रत्येक फलंदाजाला वेगळा चेंडू टाकला. मी हा धागा काढला तो एवढ्यासाठीच.

फाइन_लेग

सर, फार चांगला विषय. थोडी आकड्यांची भर घालतो.

मेयर प्रथम श्रेणीचे १२७ सामने खेळला. ४,६२१ धावा आणि ४०८ बळी. सर्वोच्च नाबाद २०२, सॉमरसेटकडून (मिलफील्ड ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात आहे, तिच्या संघाकडून) लँकेशायरविरुद्ध टाँटनला, १९३६ मध्ये. म्हणजे शाळा काढल्याच्या दुसऱ्याच वर्षी. सॉमरसेटकडून तो १९३६ ते १९४९ खेळला.

शाळामास्तर काउंटीकडून कसा खेळू शकायचा, हा प्रश्न पडला असेल तर तिथल्या सुट्ट्या बघा. उन्हाळी सुट्टी जुलैअखेर लागते आणि क्रिकेटचा मोसम सप्टेंबरपर्यंत चालतो. त्यामुळे ऑगस्ट उजाडला की काउंटी संघांत मास्तर मंडळी अवतरायची. सॉमरसेट तर गरीब काउंटी, पगारी खेळाडू मोजके. बाकीची जागा मास्तर, पाद्री आणि विद्यार्थ्यांनी भरायची ही त्यांची जुनी रीत.

१९४७ मध्ये मेयर पूर्ण मोसमाचा कर्णधार झाला. वय ४२, कंबरदुखीने बेजार, आणि त्याच वेळी अख्खी शाळा डोक्यावर. हाच तो मिडलसेक्सच्या कॉम्प्टन-एड्रिच या फलंदाजांचा उन्हाळा. कॉम्प्टनने ३,८१६ धावा आणि १८ शतकं केली, मिडलसेक्स काउंटी स्पर्धेचा विजेता ठरला. आणि त्या मिडलसेक्सला सॉमरसेटने दोन्ही सामन्यांत हरवलं! लॉर्ड्सवरचा सामना तर एका गड्याने. मॉरिस ट्रेमलेटचा तो पहिला सामना, आणि त्यानेच तो जिंकून दिला.

१६० धावांत ९ बळी हा आकडाही नीट वाचायला हवा. ९ बळी ३० धावांत मिळतात तेव्हा खेळपट्टी मदत करत असते. १६० धावा देऊन ९ बळी घेणारा गोलंदाज दिवसभर एका टोकाने टाकत असतो, मार खात असतो, आणि तरी कर्णधार त्याच्या हातून चेंडू काढून घेत नाही. मुंबईच्या उन्हात हे केलंय त्याने.

कपाशीचं_बोंड (अकोला)

सर, माझ्या आजोबांचं जिनिंग होतं. मुंबईच्या कापूसबाजाराच्या गोष्टी मी त्यांच्याकडून ऐकत मोठा झालो, म्हणून थोडं लिहितो.

तो काळ कापसाच्या बाजाराच्या स्थित्यंतराचा. पूर्वी गाठी कुलाब्याला उतरायच्या. पुढे बाजार शिवडीकडे हलला आणि त्या भागाला कॉटन ग्रीन हे नाव चिकटलं; आज हार्बर लाइनवर तेच स्टेशन आहे. आमच्या वऱ्हाडातला, खानदेशातला माल रेल्वेने तिथे जायचा. दलालाचं काम म्हणजे गाठीत हात घालायचा, चिमूटभर कापूस काढायचा, दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायचा आणि तंतूची लांबी नजरेने सांगायची. आजोबा म्हणायचे, गाठ बाहेरून सगळी सारखीच दिसते, हात घातल्याशिवाय कापूस कळत नाही.

मेयर यात किती मुरला होता ते मी सांगू शकत नाही. पण वायदेबाजार ही जागा अशी आहे की तिथे माणसाला दोन सवयी लागतात. एक, माल पारखण्याची. दुसरी, सट्ट्याची. पहिलीबद्दल सरांनी लिहिलंच आहे. दुसरीबद्दल कोणाला काही माहीत आहे का?

रानवारा

मला इथे थोडं वेगळं बोलायचं आहे. कोणी राग मानू नये.

या शाळेचा पाया राजपुत्रांच्या फीवर घातला गेला. ती फी कुठून आली? काठियावाडच्या रयतेच्या साऱ्यातून. म्हणजे सॉमरसेटच्या एखाद्या खाणकामगाराच्या मुलाला फुकट शिकवायला आपल्या शेतकऱ्याचा पैसा गेला. आणि पोरबंदरच्या किंवा ध्रांगध्र्याच्या साध्या कुणब्याच्या मुलासाठी त्या सात जागांतली एकही नव्हती. सरांच्या भावना मी समजू शकतो, पण हे न बोलता पुढे जाणं मला जमणार नाही.

दुसरं, कपाशीदादांनी विचारलंय त्याचं उत्तर. हो, मेयर जुगारी होता. घोड्यांवर लावायचा, आणि दिवसा शाळा चालवून रात्री गाडी हाणत लंडनच्या जुगारघरांत बसायचा. शेवटी शाळेतून बाहेर पडावं लागलं त्यामागे हा नाद मोठं कारण होता. ज्याच्या मनावर फी ठरते त्याच्याच मनावर खर्चही ठरत असेल, तर संस्था कोणाची?

गणितवाले_सर (वाई)

रानवारा, राग कसला. रयतेच्या साऱ्याचा मुद्दा मी लिहिताना माझ्या ध्यानातच आला नाही, आणि तो खरा आहे. सात मुलं म्हटलं की मला सात मुलं दिसली, त्यांच्यामागची गावं दिसली नाहीत.

त्या सातांतलं एक नाव सांगतो. ध्रांगध्र्याचे मेघराजजी. त्यांच्या राजवाड्यातच आधी शाळा चालत होती आणि तीच पुढे इंग्लंडला गेली, असं ध्रांगध्र्याच्या बाजूने सांगितलं जातं. हेच मेघराजजी पुढे राज्य विलीन करणाऱ्यांत होते आणि नंतर लोकसभेतही निवडून गेले. म्हणजे मिलफील्डचं बी सॉमरसेटमध्ये नव्हे, सौराष्ट्रात पडलं. आपल्याकडच्या किती शिक्षकांना हे माहीत आहे?

जुगाराबद्दल मी त्याची बाजू घेणार नाही. १९५३ मध्ये शाळा विश्वस्तांच्या ताब्यात गेली होती. त्यानंतर ती त्याची खासगी मालमत्ता नव्हती, पण तो वागत राहिला मात्र ती आपलीच असल्यासारखा. एका माणसाच्या मर्जीवर चाललेली फीमाफी ही दानत झाली, व्यवस्था झाली नाही. पण एक मुख्याध्यापक मी जवळून पाहिलाय, कोणत्या शाळेतला ते सांगत नाही. त्याला कसलाही नाद नव्हता, हिशेब चोख होता, आणि फी थकली म्हणून तो मुलांना परीक्षेच्या दिवशी व्हरांड्यात उभं करायचा. त्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या एका मुलीचा चेहरा मला अजून दिसतो. मी तेव्हा काही बोललो नाही. म्हणून मेयरला मी पूर्ण माफ करत नाही आणि पूर्ण सोडूनही देऊ शकत नाही.

शब्दवाट

सर, पहिल्यांदाच लिहितेय इथे. इतकी वर्षं फक्त वाचत होते.

माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे. आता बारा वर्षांचा आहे. तिसरीत असताना बाईंनी वहीवर लाल शाईत 'आळशी' लिहून पाठवलं होतं. तो आळशी नव्हता. 'घर' आणि 'धर' यांतला फरक त्याच्या डोळ्यांसमोर ठरतच नव्हता. दोन शाळा बदलल्या.

मिलफील्डचं नाव मी क्रिकेटमुळे नाही, यामुळे ऐकलं होतं. या मुलांना 'शब्दांध' म्हणून बाजूला सारायचे तेव्हा मेयर त्यांना घेत होता. सगळ्या शाळांनी नाकारलेलं मूल त्याच्याकडे यायचं आणि तो त्याच्यासाठी वेगळा शिक्षक लावायचा. आपल्याकडे महाराष्ट्रात अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळायला नव्वदचं दशक उजाडलं. डंकन गुडह्यू या जलतरणपटूचं उदाहरण आमच्या समुपदेशक ताईंनी दिलं होतं. डिस्लेक्सिया होता, मिलफील्डला शिकला, आणि १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्णपदक घेतलं. त्या ताईंनी हे सांगितलं त्या रात्री मी खूप दिवसांनी नीट झोपले.

रानवारा यांचा मुद्दा पटतो. पण माझ्या जागेवर बसून पाहिलं तर दार उघडणारा माणूस आधी दिसतो, दार कोणाच्या पैशाचं ते नंतर.

फाइन_लेग

ताई, तुमच्या मुलाला खूप शुभेच्छा.

खेळाडूंची यादी खरंच मोठी आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ६.७६ मीटर लांब उडी मारून विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकणारी मेरी रँड (शाळेत असताना बिग्नल) मिलफील्डची. साध्या घरातली मुलगी, शिष्यवृत्तीवर आलेली. वेल्सचा रग्बीपटू गॅरेथ एडवर्ड्स, खाणकामगाराचा मुलगा, तोही तिथलाच. पीटर रोबकची तर गोष्टच सांगतात. तो प्रवेशासाठी आला तेव्हा बोलायला सुरुवात व्हायच्या आत मेयरने टेबलामागून एक संत्रं त्याच्याकडे फेकलं. पोराने ते झेललं. पुढे हा पोरगा सॉमरसेटचा कर्णधार झाला.

पेठेतला_गडी

सगळे मिलफील्डबद्दल बोलताय, पण त्याच वेळी पुण्यात कोण होतं ते विसरू नका. प्राध्यापक दि. ब. देवधर! एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवायचे आणि सुट्टीत खेळायचे. १९२६ च्या डिसेंबरमध्ये बाँबे जिमखान्यावर, इंग्लंडहून दौऱ्यावर आलेल्या गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध १४८ धावा काढल्या. त्याच दौऱ्यात, त्याच मैदानावर, सी. के. नायडूंनी हिंदू संघाकडून ११ षटकारांसह १५३ फटकावल्या होत्या. मेयर मुंबईत आला तो नेमका या दिवसांत.

देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा दोनदा रणजी करंडक जिंकला. पन्नाशी ओलांडल्यावर नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतकं काढली. आणि दुसऱ्या दिवशी वर्गावर! एक हिंदू संघात, एक युरोपियन संघात, आणि दोघंही मास्तर. हा योग मला फार आवडला.

गणितवाले_सर (वाई)

पेठेतला_गडी, तुम्ही माझ्या मनातलं नाव घेतलंत. देवधरांना मी पुण्यात एका कार्यक्रमात लांबून पाहिलं होतं, नव्वदीच्या पुढचे होते, ताठ चालत होते.

फरक एवढाच की देवधरांनी असलेल्या कॉलेजात शिकवलं. मेयरला असलेल्या शाळा चालल्याच नाहीत, म्हणून त्याने स्वतःची काढली.

सॉमरसेटवासी

मी टाँटनला राहतो, आयटीत आहे. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्यात असं वाटलं.

मेयरनंतर १९७१ मध्ये मुख्याध्यापक झाला कॉलिन ॲटकिन्सन. तोही सॉमरसेटचा खेळाडू, तोही हौशी, तोही मिलफील्डचा शिक्षक. लेगस्पिन टाकायचा, बोटांच्या सांध्यांनी दगा दिल्यावर मध्यमगती टाकायला शिकला. १९६५ ते १९६७ काउंटीचा कर्णधार होता. ज्या शाळेचा हिशेब एका माणसाच्या डोक्यात होता तिला त्याने वह्यांत आणलं, पत्र्याच्या बराकींच्या जागी पक्क्या इमारती उभ्या केल्या. १९८६ पर्यंत तो मुख्याध्यापक होता. रानवारा, तुमच्या 'संस्था कोणाची' या प्रश्नाचं उत्तर मला ॲटकिन्सनमध्ये दिसतं. मेयरशिवाय मिलफील्ड सुरू झाली नसती आणि ॲटकिन्सनशिवाय टिकली नसती. मेयर आणि ॲटकिन्सन, दोघंही १९९१ मध्येच गेले.

दुसरं म्हणजे, मिलफील्ड सुटल्यावर मेयर घरी बसला नाही. ग्रीसला गेला, अथेन्समध्ये मुख्याध्यापक झाला, आणि १९८० मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, तिथे पुन्हा एक नवी शाळा काढली. सेंट लॉरेन्स कॉलेज. ती आजही चालू आहे.

सर, पुढच्या वेळी ब्रिस्टलला आलात की कळवा. टाँटनचं मैदान दाखवतो. स्टँडमध्ये बसलं की चर्चचे मनोरे दिसतात. नाबाद २०२ तिथेच झाल्या होत्या.

रानवारा

ॲटकिन्सनबद्दल मला माहीत नव्हतं. धन्यवाद. माझा साऱ्याचा मुद्दा मी मागे घेत नाही, पण पंचाहत्तराव्या वर्षी परक्या मुलखात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, याला काय म्हणायचं ते मला सुचत नाही.

गणितवाले_सर (वाई)

सॉमरसेटवासी, मे महिन्यात येतोय. नक्की कळवतो.

शब्दवाट

सर, काल रात्री हा सगळा धागा मुलाला वाचून दाखवला. त्याला स्वतः वाचायला फार वेळ लागतो, म्हणून आम्ही असंच करतो. फाइन_लेग यांच्या प्रतिसादात १६० धावांत ९ बळी आलं तिथे त्याने मला थांबवलं. डोळे मिटले, ओठ हलले, आणि म्हणाला, "आई, म्हणजे साधारण पावणेअठरा धावांना एक." कागद नाही, काही नाही. मी मोबाइलवर पडताळून पाहिलं. बरोबर होतं.

मग त्याने विचारलं की त्या दिवशी दहावा गडी कोणी बाद केला. फाइन_लेग, तुम्हाला सापडलं तर सांगाल का? तो रोज विचारतोय.